तेलाच्या गाळावरची चूल

सहदेव गावंडे माझ्याकडे पहिल्यांदा आला तो थेट शाळेत, भर तासाला. साल त्रेचाळीस, सकाळची शाळा सुरू झालेली. अकोल्याच्या एका हायस्कुलात मी तेव्हा सायन्स शिकवत असे. दारात उभा राहून तो एवढ्या मोठ्यानं बोलला की शेजारचा वर्गही गप्प झाला.

“मास्तर, पानी जळते काय?”

पोरं हसली. त्याच्या मिशीची डावी बाजू जळून आखूड झाली होती. मी काहीतरी विचारलं, तर तो नुसता माझ्या ओठांकडे बघत राहिला. मग कानाला हात लावून म्हणाला, “लिहून सांगा. मले ऐकू येत नाई.”

वीस वर्षं कापसाच्या जिनिंग प्रेसमध्ये आणि त्यानंतर सरकीच्या तेलगिरणीत फिटर म्हणून काढल्यावर त्याचे कान गेले होते. बायको रुख्मिणी वारून नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. गिरणीत लोक त्याच्याशी बोलत ते ओरडून, आणि ओरडून माणूस कामापुरतंच बोलतो. व्हॉल्व्ह बंद कर, पट्टा बदल, एवढंच. आज भाजी काय केली, पाय कसा दुखतोय, हे कोणी कोणाला ओरडून विचारत नाही. स्वतःचा आवाज किती चढतो हे त्यालाही कळत नसे, म्हणून नवखा माणूस त्याला तापट समजून दूरच राही.

झालं होतं ते असं. टाक्यांच्या तळाशी बसणारा तेलाचा चिकट गाळ गिरणीमागच्या खड्ड्यात टाकत. उन्हाळ्यात त्या खड्ड्यातून बुडबुडे येताना सहदेवनं पाहिले. बिडी पेटवून त्यानं काडी खाली टाकली, तर पाण्यावरून निळी आग सर्रकन धावली.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघं खड्ड्यावर गेलो. मी पाटीवर लिहिलं: हवा लागली नाही की डोळ्यांना न दिसणारे जीव हा गाळ खातात. त्यातून गॅस होतो. मुंबईकडे मैल्याच्या टाकीतला असा गॅस काढून दिवे लावले आहेत.

त्यानं ते दोनदा वाचलं. “मंग चूलबी पेटंल,” तो म्हणाला.

लढाईमुळे घासलेट मिळेनासं झालं होतं, सरपणही महाग. पण सहदेवला एकट्याला लागणार किती? मला वाटतं, त्याला चुलीपेक्षा करण्यासारखं काहीतरी हवं होतं.

अंगणात त्यानं पुरुषभर खोल विहिरीसारखी टाकी खणली, विटांनी बांधून चुन्यानं लिंपली. जुन्या पत्र्याचं पिंप तिच्यात उपडं घातलं, वर नळी बसवली. शेजारच्या पार्वताबाईच्या दोन म्हशी होत्या. तिनं शेण दिलं. शेणाचा काला भरल्यावर तीन आठवड्यांनी पिंप चार बोटं वर आलं. सहदेव त्यावर तळहात टेकवून उभा राहिला. आतली गुडगुड त्याला ऐकू येत नव्हती, ती तो हातानं समजून घेत होता.

तिथंच त्याला हाव सुटली. गाळानं गॅस जास्त होतो हे मीच सांगितलं होतं; किती घालायचा हे मलाही ठाऊक नव्हतं. त्यानं एकदम दोन बादल्या ओतल्या. दोन दिवस फेस उसळला, मग पिंप खाली बसलं ते बसलंच. आंबट, कुजका वास गल्लीभर पसरला.

पार्वताबाई कुंपणापाशी येऊन तणतणली, “काहून करून राह्यले हे? घरात घास उतरून नाई राह्यला आमच्या!”

सहदेव दुसरीकडे बघत होता. वळला तेव्हा ती दिसली, म्हणून ओळखीचं हसला आणि मान डोलावली. तिला वाटलं, हा आपली टर उडवतोय. दुसऱ्या दिवसापासून शेण बंद झालं. का, ते त्याला मी पाटीवर लिहून सांगेपर्यंत कळलंच नाही. वाचून त्यानं पाटी माझ्या हातात परत दिली.

“माफी मांगाले गेलो तरी मोठ्यानंच बोलीन मी,” एवढंच म्हणाला आणि गेलाच नाही.

त्यानं अर्धी टाकी उपसली. मी सुचवल्याप्रमाणे थोडी चुन्याची निवळी घातली. गावाबाहेरच्या गोठ्यातून रोज टोपली भरून शेण डोक्यावर आणलं. महिनाभर गाळाला हात लावला नाही. मग रोज एक वाटी, कोमट पाण्यात आणि शेणात कालवून. पिंपावर खडूच्या खुणा करी. पंधरा दिवसांत पिंप नुसत्या शेणाच्या दुप्पट वर येऊ लागलं.

एका रविवारी दुपारी त्यानं मला चहाला बोलावलं. चुलीत निळी, जवळजवळ न दिसणारी ज्योत होती. धूर नाही, राख नाही. तिच्याकडे बघत तो बोलू लागला, आणि पहिल्यांदाच मला त्याचा आवाज जरा उतरलेला वाटला.

“रुख्मिणी कापसाच्या ओल्या पळाटीवर सैपाक करे, मास्तर. खोकून खोकून बेजार होये. मरायच्या दिवशी माह्या हाताले धरून कायतरी बोल्ली. मले ऐकू नाई आलं. वाटलं, संध्याकाळी पुन्हा विचारू. दुपारीच गेली.”

मी खडू उचलला. मग तो खाली ठेवून चहाची कपबशी घेतली.

पुढच्या वर्षी गिरणीच्या मॅनेजरनं तो गाळ साबणवाल्याला द्यायला सुरुवात केली. लढाईत गाळालाही गिऱ्हाईक मिळालं होतं. खड्डा बुजवला. सहदेवनं एक वाटी मागितली, तीही मिळाली नाही. तो नुसत्या शेणावर टाकी चालवत राहिला. पिंप निम्मंच वर येई, पण एका माणसाचा स्वयंपाक होई. त्या पावसाळ्यात सरपण भिजलं तेव्हा पार्वताबाई आपण होऊन त्याच्या चुलीवर डाळ शिजवायला घेऊन आली. डाळ शिजेतो दोघं बसली. दुसऱ्या दिवसापासून कुंपणापाशी शेणाची टोपली पुन्हा दिसू लागली.

सेहेचाळीसमध्ये माझी अमरावतीला बदली झाली. वर्षभरानं त्याचं कार्ड आलं. गिरणी सोडून तो पातूरजवळ पुतण्याकडे, उद्धवकडे, राहायला गेला होता. तिथं नवी टाकी बांधली होती. भुईमुगाच्या घाण्यावरचा गाळ मिळतो, पुतण्याची बायको त्या चुलीवर भाकरी करते, असं लिहिलं होतं. खाली मोठ्या अक्षरांत: ‘मास्तर, पाहाले या. सर्व्हिस मोटर गावच्या फाट्यापर्यंत येते.’

मी येतो म्हणून कळवलं. मग परीक्षा आल्या, मग घरात आजारपण आलं. अकोल्याहून पातूर काही लांब नव्हतं.

एकोणपन्नासच्या दिवाळीत अकोल्याला गेलो तेव्हा पार्वताबाईनं सांगितलं, सहदेवभाऊ आषाढात गेले. “उद्धव सांगे, मोटर यायच्या वेळेले फाट्यावर जाऊन बसत. ऐकू येत नोतं ना, म्हून आधीच जाऊन बसत.”

कोणाची वाट बघत होते, हे तिनं सांगितलं नाही.