लोडर गप्प का राहिला?

आमच्या बाबांना नसत्या चौकशांची भारी हौस. एकवीस वर्षं दगडखाणीत लोडर चालवतायत, पण घरी आले की मिक्सर खोलून बसतात. "बिघडलाय का?" आई विचारते. "नाही, चालतो कसा ते बघतोय." आई कपाळावर हात मारून घेते.

तर गेल्या महिन्यात खाणीत इशाऱ्याच्या पेट्या आल्या. ड्रायव्हर सोडून प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला, आणि लोडरच्या कॅबिनमध्ये पेटी. बिल्लेवाला दहा मीटरच्या आत आला की पेटी ओरडते. बाकीच्या ड्रायव्हरांचे कान किटले, बाबांना मात्र खेळणंच मिळालं. मीही त्याच खाणीत, दगडांवर रंगाने खुणा करते. जेवणाच्या सुट्टीत माझा बिल्ला घेऊन ते लोडरभोवती फिरायचे आणि पेटी बोलली की तिथे खडूने रेघ मारायचे. ओल्या मातीच्या ढिगाआडून ती उशिरा का बोलते, यावर अर्धा तास माझं डोकं खाल्लं. म्हटलं, "बाबा, तुम्हाला लोडर चालवायला ठेवलंय की खडू झिजवायला?"

आम्हा खुणा करणाऱ्या बायकांची नुकतीच एक रीत पडली होती. वाकलं की बिल्ल्याला रंग लागायचा, आणि संध्याकाळी बिल्ले जमा करणारा मुकादम एकेका डागावरून बोलायचा. म्हणून जेवण झालं की रिकामा स्टीलचा डबा पुसायचा, बिल्ला त्यात ठेवायचा, झाकण घट्ट लावायचं आणि पिशवी खांद्याला अडकवायची. बिल्ला जवळच आहे ना, मग कुणाचं काय बिघडतंय?

त्या मंगळवारी जेवून मी लोडरच्या मागे उकिडवी बसून खुणा करत होते. बाबांनी रिव्हर्स टाकला. मी निवांत. पेटी ओरडेल, थांबतील. लोडर थोडा मागे सरकला आणि थांबला. इंजिन बंद झालं. बाबा उतरून मागे आले.

"या वेळेला तू रोज इथे असतेस," ते म्हणाले. "मग पेटी गप्प का, ते बघायला आलो. बिल्ला कुठाय?"

मी डबा काढून दिला. त्यांनी झाकण उघडलं, कॅबिनमधली पेटी ओरडली. झाकण लावलं, गप्प. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

"स्टील अडवतंय बघ. गंमतच आहे." चेहरा नुसता फुलला होता. मग त्यांची नजर मागच्या चाकाकडे गेली, तिथून माझ्या अर्धवट खुणेकडे. मध्ये जेमतेम चार हात जागा.

त्यांनी डबा खाली ठेवला. "मला कळलंसुद्धा नसतं गं," म्हणाले. "चाकाखाली दगड आला असेल म्हणून तसाच मागे गेलो असतो."

खालच्या अंगाला दुसऱ्या लोडरमागे तिघीजणी वाकून खुणा करत होत्या. तिघींच्याही खांद्याला डब्याच्या पिशव्या होत्या. मी हाका मारत उतारावरून पळत सुटले.