दाराले मत नसते

खोलीत शेवटचा माणूस आला की काका दार ओढून घ्यायचे, कडी लावायचे, ती नीट बसली की नाही हे हात मागे नेऊन एकदा चाचपायचे, आणि दाराला पाठ टेकून म्हणायचे, "दार लागलं जी. आता कोनी येनार नाई, कोनी जानार नाई. घ्या मतं."

ते काही राजवाड्याचं दार नव्हतं. भिलाईच्या कॅम्प-१ मधली पत्र्याची एक बराक होती, आधी तिथं सिमेंटची पोती ठेवायचे. पोती गेली तेव्हा आम्ही मराठी मंडळींनी ती बराक आमच्या समितीसाठी मागून घेतली. दाराच्या फळ्यांत फटी इतक्या की आतलं सगळं बाहेर ऐकू यायचं. पण काका त्या दाराशी उभे राहिले की आम्हाला वाटे, आपण इथं काहीतरी कामाचं करतो आहोत.

काका मूळचे नागपूरच्या विधानसभेत दारावर. राज्यांची फेरमांडणी झाली, नागपूरची राजधानी गेली, आणि विधानसभेची माणसं, कपाटं, टाइपरायटर कुणी भोपाळकडे, कुणी मुंबईकडे निघाले. काकांनाही दोन्हीकडचं विचारलं. ते तिसरीकडेच आले. मेहुणा दुर्गला रेल्वेत होता, त्यानं सांगितलं की इथं कारखाना उभा राहतोय, माणसं घेताहेत. त्यांना काम मिळालं ते स्टोअरच्या गेटवर. "पाय बरं, दार काई सुटलं नाई माह्यं," असं म्हणून ते स्वतःच हसत.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांची नोकरी सुटते पण नोकरीचा अभिमान सुटत नाही. ड्यूटीवरून आले, हातपाय धुतले, बाजेवर बसले की त्यांची विधानसभा सुरू.

"लोकाइले वाटते, आमदार आले, बोलले, झाली विधानसभा. अन् ते बोलले ते लिहिते कोन? कोनता कागद कधी समोर ठेवाचा, हे पायते कोन?"

मग ते सारं कसं वाढत गेलं ते सांगत. जुन्या जमादारांकडून त्यांनी ऐकलं होतं की सुरुवातीला सभागृहाला स्वतःचं म्हणून काही नव्हतं. सचिवसुद्धा कायदा खात्याकडून उसना. मग कचेरी वेगळी झाली. भाषणं लांबली तसे लघुलेखक आले. एक मराठीत बोले, दुसरा हिंदीत, तिसरा इंग्रजीत, म्हणून भाषांतरवाले आले. दाखले काढायची वेळ आली तेव्हा ग्रंथालय मोठं झालं. समित्या झाल्या, त्यांची माणसं आली. आपल्या घराला एकेक खोली कशी जोडत गेलो हे सांगावं तसं ते सांगत. "अडचन आली का मानूस वाढे," असं त्यांचं म्हणणं, "उगाच कोनी वाढला नाई."

आमच्या समितीत अडचणींना तोटा नव्हता. भंडारा, गोंदिया, नागपूरकडून आलेले आम्ही शेतकऱ्यांची पोरं, आता शिफ्टमध्ये काम करणारे. सभा रविवारी दुपारी. दोनच्या भोंग्याआधी आम्ही ठराव करायचो आणि भोंग्यानंतर पहिल्या शिफ्टची सुटलेली माणसं येऊन तो मोडायची. एकदा गणपती कुठं बसवायचा हे एकाच दुपारी तीन वेळा ठरलं. शेवटी गणपती चौथ्याच जागी बसला.

काका तोवर मागे बसून ऐकत होते. पुढच्या रविवारी ते रुळाचा एक तुकडा घेऊन आले, बराकीबाहेरच्या बाभळीला टांगला, आणि नियम सांगितला. मत घ्यायचं ठरलं की हा वाजेल. आसपास असतील त्यांनी यायचं. मग दार लागेल. मतं झाल्याशिवाय ते उघडणार नाही, आणि झालेलं मत पुन्हा निघणार नाही. मतं पुरुषांची तशी बायकांचीही, कारण नागपुरात तसंच होतं. आणि घंटी वाजवणारा, दार लावणारा जो असेल त्याला मत नाही.

"कावून नाई?" आमचे अध्यक्ष डोमाजी यांनी विचारलं. डोमाजी क्रेन चालवायचे आणि सभेतही उंचावरून बोलायचे.

"मी सभेचा मानूस हावो, कोनत्या बाजूचा नाई. दाराले मत नसते जी."

मग त्यांनी मला रिपोर्टर केलं, म्हणजे सभेत कोण काय बोललं ते लिहून घेणारा. पहिल्याच सभेत डोमाजींनी एका सभासदाला रेडा म्हटलं. मी सभ्यपणानं तो शब्द गाळला. काकांनी वाचून घेतलं आणि विचारलं, "अन् रेडा कुठं गेला?"

"वाईट दिसते, काका."

"दिसू दे. काढाचा असन तं अध्यक्ष काढतीन. तू कोन काढनारा?"

तेव्हा डोमाजींना उभं राहून स्वतःचाच रेडा गंभीरपणे मागे घ्यावा लागला. त्यानंतर आमच्या सभेत जनावरांची नावं कमी झाली.

सगळ्यात नवल वाटलं ते त्यांच्या आश्वासन समितीचं. कॅम्पात इंजिनिअर साहेब यायचे, "देखेंगे, हो जाएगा" म्हणून जायचे. काका म्हणाले, सभागृहात मंत्री असं म्हणाला तर ते कुणीतरी धरून ठेवायचं असतं, त्यासाठी आता वेगळी समिती असते. आमच्याकडे हे काम त्यांनी काकूंना दिलं, म्हणजे स्वतःच्या बायकोला. लोक हसले. काकू दर सोमवारी डोक्यावर पदर घेऊन साहेबांच्या कचेरीसमोर उभ्या राहू लागल्या. "साहेब, तुमी म्हनले होते." याच्यापुढे एक अक्षर नाही. असं करून त्यांनी गल्लीत दिवा आणला, नालीवर फरशी आणली. सोमवारी साहेब मागच्या दारानं जातात अशी बातमी येऊ लागली तेव्हा काकू मागच्या दाराशी उभ्या राहू लागल्या.

आणि मग त्यांनी नळ आणला.

नळ एकच. वरच्या गल्लीत लावायचा की खालच्या, हे आम्ही ठरवायचं होतं. काका-काकू वरच्या गल्लीतले. काकूंचे गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते आणि पाणी त्या रेल्वेच्या रुळांपलीकडच्या विहिरीवरून आणायच्या. नळ वर लागला तर त्यांच्या उंबऱ्याशी येणार होता.

त्या रविवारी बराकीत पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्ही गल्ल्यांची भाषणं लांबत गेली. काकू बराच वेळ बायकांत बसल्या होत्या. घरात पाण्याचा थेंब नाही आणि भाषणं काही संपत नाहीत असं पाहून त्या कळश्या घेऊन विहिरीवर गेल्या. तेवढ्यात डोमाजींना एकदम कंटाळा आला आणि ते म्हणाले, "पुरे झालं. मतं घ्या."

काका बाहेर गेले. त्यांनी रूळ वाजवला. मी दाराजवळच बसलो होतो, माझं लक्ष त्यांच्या हाताकडे होतं. नेहमी जितका वाजवत तितकाच त्यांनी वाजवला. एकदा विहिरीच्या वाटेकडे पाहिलं, आत आले, कडी लावली, हात मागे नेऊन चाचपली.

"दार लागलं जी."

हात वर व्हायच्या आत बाहेर बांगड्या वाजल्या. कळश्या खाली ठेवल्याचा आवाज आला.

"अजी, दार उघडा."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

"मी आली न, अजी. उघडा न."

काकांची पाठ दाराला होती. काकू थाप मारायच्या तसा त्यांचा खांदा हलायचा. खालच्या गल्लीतलाच एक जण उठून म्हणाला, "घ्या आत, काका. आमची ना नाई." आम्ही वरच्या गल्लीवाले तर उठलोच होतो.

"बसा जी," काका म्हणाले. "घंटी झाली. मतं घ्या."

मतं बरोबरीत पडली. आमच्यातला कुणीतरी कळवळून म्हणाला, "काका, तुमी तरी हात वर करा. तुमी बी इथंच राह्यता न?"

"दाराले मत नसते."

बरोबरी झाली तर अध्यक्षांनी मत द्यायचं, हाही नियम त्यांनीच शिकवलेला. डोमाजी खालच्या गल्लीतले. नळ खाली गेला.

काकांनी दार उघडलं. काकू समोर उभ्या होत्या, पायाशी भरलेल्या कळश्या. त्यांनी एवढंच विचारलं, "कुठं झाला?"

"खाली."

काकूंनी कळशी डोक्यावर घेतली, दुसरी कमरेवर घेतली आणि गेल्या. काकांनी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला.

 दुसऱ्या दिवसापासून खालच्या नळावरून कावड भरून वर आणायचे ते काका. गल्लीतून सगळ्यांच्या देखत, गेटवरचा खाकी सदरा घालूनच. खालच्या गल्लीवाल्यांना ते बघवेना. पुन्हा सभा घ्या म्हणून डोमाजी स्वतः आले. काकांनी कावडीखालूनच उत्तर दिलं, "तिच्यासाठी आज उघडलं तं उद्या तुमच्या सोयऱ्यासाठी उघडा लागन."

पुढं खूप दिवसांनी मी काकूंना विचारलं, राग आला होता का. "नाई तं काय," त्या म्हणाल्या. "माह्या जिवाले लय लागलं होतं." मग शेजारी नव्यानं आलेल्या एका सुनेकडे वळून, जरा मान ताठ करून म्हणाल्या, "यायनं मलेई बाहेर ठेवलं होतं, पोरी. आता या दाराले बोट लावून दाखवावं कोनी."

आणि कुणी लावलं नाही. कॅम्पात बिहारी होते, तेलुगू होते, छत्तीसगढी होते; त्यांच्यात भांडण पेटलं तर ते निकालासाठी आमच्या बराकीत यायचे, इथलं दार लागतं म्हणून. कारखान्याच्या त्या चिमण्या, भट्ट्या तर सगळ्यांनी मिळून उभ्या केल्या. पण ते दार आमचं होतं, आणि मला अजून त्याचा अभिमान वाटतो.

काका नोकरीत असतानाच गेले, तापाचं निमित्त झालं. पुढच्या रविवारी सभा भरली. डोमाजींनी ठराव मांडला की बराकीवर काकांचं नाव लावावं. ठराव म्हणजे मत आलं. मी बाहेर जाऊन रूळ वाजवला आणि माझ्या जागी येऊन बसलो. मग सगळेच थांबले. दार उघडं होतं आणि ते लावायला कुणी उठेना. 

बायकांच्या रांगेतून काकू उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत दाराशी गेल्या, दार ओढलं, कडी लावली, हात मागे नेऊन चाचपली.

"दार लागलं जी," त्या म्हणाल्या. "घ्या मतं."

रूळ मी वाजवला होता म्हणून माझा सोडून बराकीतला एकेक हात वर झाला. डोमाजींचा आवाज त्या दिवशी उंचावरून आला नाही. "वयनी," ते म्हणाले, "तुमचा बी हात वर करा न. तुमचाच तं हक्क आहे."

"दाराले मत नसते, भाऊ."

त्यांचे डोळे वाहत होते, पण हात कडीवरच होता. डोमाजींनी हात मोजले, ठराव मंजूर झाला असं सांगितलं, मी ते लिहिलं, तेव्हा कुठं काकूंनी कडी काढली.