कोपरा फाडलेलं पत्र

"घाई कोनाला हाय?" असं म्हणत बाबा कागदाच्या घडीवरून अंगठ्याचं नख फिरवत. घडी सुरीनं कापल्यासारखी सरळ बसे. ठाण्यातल्या आमच्या लहानशा छापखान्यात मी मुद्रितं तपासत असे आणि ते, सगळ्या छापखान्याचे बाबा, छापलेले कागद दुमडत. मालक ओरडे, "बाबा, संध्याकाळच्या गाडीनं गठ्ठे जायचेत!"

"मंग घाई गाडीला हाय. मना नाय."

खाडीकाठच्या मिठागराशेजारी ख्रिस्ती पाडा होता, तिथले ते. अक्षरओळख नव्हती. मी बाविशीचा, सुधारकांची पत्रकं वाचून वाढलेला. भट आणि पाद्री, दोघांवर माझा राग सारखाच. तरी बाबा मला भटजीच म्हणत.

"मी भटजी नाही, बाबा. मी जानवं कधीच खाडीत टाकलंय."

"आमच्या खाडीत? तरीच मासली सोवली झालीय."

नाताळाआधीचे चार आयतवार ते ताडीला शिवत नसत. देव यायचा, तर घर झाडून ठेवायचं, एवढाच त्यांचा खुलासा. त्या दिवसांत ते आमची रद्दी मागून नेत. कागद चुरगळून, खळीत बुडवून, पाड्याच्या येशूबाळाच्या गोठ्यामागे डोंगर उभे करत. त्या वर्षी रद्दीत माझंच पत्रक होतं. शाई फुटल्यानं गठ्ठाच्या गठ्ठा वाया गेला होता. 'वाट पाहणारा मनुष्य गुलाम होय,' असं मी त्यात ठणकावून लिहिलं होतं.

"तुजा कागद घट्ट हाय, भटजी," बाबा म्हणाले. "डोंगर पडनार नाय."

रागवावं की हसावं, मला कळेना.

पहिल्या आयतवारच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी एक बंद पत्र माझ्यापुढे ठेवलं. त्यांचा एकुलता मुलगा आगबोटीवर खलाशी होता, दोन वर्षं एडनकडे. पत्राचा वरचा कोपरा फाडलेला होता. आपल्यात मरणाची बातमी अशीच धाडतात, फोडण्याआधी वाचणाऱ्यानं मन घट्ट करावं म्हणून. ख्रिस्ती माणसाला ही खूण कुठली ठाऊक, असं मी धरून चाललो.

"वाचू?" मी विचारलं.

"आता नको. नातालाच्या आदल्या सांजेला वाच. तवर तुज्याकडं ठेव."

"बाबा, सत्य असं कोंडून ठेवू नये."

"घाई कोनाला हाय?"

पत्र माझ्या मेजाच्या खणात पडून राहिलं. सत्य ताबडतोब बोलावं यावर मी किती कागद काळे केले होते! आता तोंड उघडेना. बाबा मात्र दुपारच्या सुट्टीत नव्या भाताचा पेंढा निवडत बसत. "या साली गोठ्याला दार नाय ठेवायचं," म्हणत. "येनाऱ्यानं कडी कशाला वाजवायची?"

एकदा मला राहवलं नाही. "बाबा, समजा येणारा आलाच नाही, तर?"

त्यांचं नख घडीवर थांबलं. "देव दरसाल येतो."

"मी देवाचं विचारत नाही."

"मना ठाव हाय तू कोनाचं इचारतंस," ते म्हणाले आणि त्यांनी पुढचा कागद ओढला.

आदल्या सांजेला मी पत्र घेऊन पाड्यात गेलो. गोठा सजला होता. माझ्या पत्रकाचे डोंगर हिरवेगार रंगवले होते; एका कड्यावर रंगाखालून 'गुलाम' एवढं दिसत होतं. पोरं त्यावर मातीची मेंढरं मांडत होती. बाबांनी मला कुडामागे नेलं.

"आता वाच. काय गालू नको."

आगबोटीवरच्या कुणा मराठी कारकुनानं लिहिलं होतं. मुलगा तापानं गेला होता. मी अडखळत वाचलं.

"बाबा, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. कोपरा..."

"मना बी कललेला. चालीस वरसं तुमच्या लोकांत काडली, फाटका कोपरा कलत नाय काय?"

"मग थांबलात कशाला?"

"आयकलं आस्तं तर आंथरून धरलं आस्तं. गोठा कोन बांधनार? पोरांना काय सांगू, या साली देव येत नाय?" आतून करंज्यांच्या तळणीचा वास येत होता. "म्हातारी नेवऱ्या तलते त्याच्यासाटी. तिला परवा सांगंन. तू गप रा."

मी काहीतरी बोलणार होतो.

"चार आयतार तू पन रेलास ना गप, भटजी? तसाच रा."

त्यांनी पत्राची घडी घातली, वरून नख फिरवलं. पहिल्यांदाच ती वाकडी बसली.

पुढच्या पावसाळ्यात बाबा गेले.

त्या चार आठवड्यांत त्यांनी पाड्याला दिली ती आशा की थाप, यावर मी पत्रक लिहायला घेतलं. दोन्ही बाजूंनी लिहून पाहिलं, शेवट जमेना. मार्गशीर्षात पाड्यातली दोन पोरं छापखान्याच्या दाराशी आली. "डोंगराला कागद हाय का?" त्यांनी विचारलं. मी खण उघडून ते अर्धवट पत्रक आधी त्यांच्या हातात दिलं.

"घट्ट आहे," मी म्हणालो.