डाव्या पायातला बूट

दुपारचे अडीच वाजलेत. चिमी एकदाची झोपली आहे. आठ महिन्यांच्या त्या पोरीने झोपेतही आईच्या टी-शर्टचा गळा मुठीत धरून ठेवलाय, म्हणून वृषालीला तिच्याशेजारी आडवं होण्यावाचून गत्यंतर नाही. झोपताना चिमीने लाथा झाडून पायातले लोकरीचे बूट सैल केले होते. वृषालीने ते काढून खिडकीच्या कट्ट्यावर जोडीने ठेवले. उशीजवळ एक कागद आहे आणि कागदावर टोपण काढलेलं पेन.

कागद वडाच्या तालमीच्या फुटबॉल अकादमीचा आहे. वृषाली तिथे तेरा वर्षांखालच्या मुलींची कोच. कागदाच्या डोक्यावर छापलंय, पुढील हंगामातून वगळावयाचे खेळाडू. खाली नऊ नावं. पहिलं नाव, अलफिया मुजावर. अलफिया अकरा वर्षांची, टीममध्ये सगळ्यांत बुटकी, धावायला लागली की केसांची पिन उडते ती. नावं सेक्रेटरी धैर्यशीलदादांनी टाईप करून आणली आहेत, पाच वाजेपर्यंत वृषालीची सही हवी आहे. चौदा सामन्यांत अकरा हरल्यावर अजून काय अपेक्षा करता, असं ते दारात उभं राहूनच म्हणाले, चप्पलसुद्धा न काढता. बाहेरच्या चार उंच मुली त्यांनी बघूनही ठेवल्यात. आणि जाता जाता, जे तिच्या वर्मी लागणार हे त्यांना पक्कं माहीत होतं, तेच बोलून गेले. "मामांनी पण असंच केलं होतं, ताई. म्हणूनच तर कप आला."

तेव्हापासून तिच्या अंगाचा तिळपापड होतोय. धैर्यशीलदादांचा राग आहेच. पण खरा राग मामांचा आहे, तिच्या जुन्या कोचचा, आणि मामा मेलेत. मेलेल्या माणसाशी भांडायला कुठे जायचं?

डोक्यावर पंखा टकटक वाजतोय. डोळे मिटतात तशी ती टकटक लांब जाते, मग भिंतीवर चेंडू आपटल्यासारखी होते. एक, आणि एक. कुणीतरी भिंतीवर चेंडू मारतंय, एकाच पायाने, न कंटाळता. थोड्या वेळाने तोही आवाज थांबतो.

पलंगाच्या पायथ्याशी रंगूमामा बसलेत.

रंगराव इंगवले. अख्खी पेठ त्यांना मामा म्हणायची. गळ्यात टॉवेल, पँटच्या पायाला सायकलची क्लिप, कानामागे अर्धी विडी. खिडकीतला एक लोकरीचा बूट त्यांनी उचललाय आणि तळहातावर ठेवून तो उलटसुलट करून बघतायत.

"नंबर लई ल्हान हाय गं," ते म्हणतात.

"ठेवा तो खाली."

"कुणाचा?"

"माझ्या मुलीचा. तुम्हाला सांगायचं राहून गेलं. तुम्ही थांबला नाहीत."

ते बूट खाली ठेवत नाहीत. वृषाली उठून बसते, तर पायाखाली फरशी नाही, मैदानाची माती आहे. पलंग गोलपोस्टच्या मागे उभा आहे. टचलाईनच्या जागी तिच्या स्वयंपाकघराचा ओटा पसरत गेलाय, पार दुसऱ्या टोकापर्यंत, आणि ओट्यापलीकडे पालक उभे आहेत, छत्र्या घेऊन, उन्हाच्या. सामना शेवटचाच आहे. गेल्या रविवारचा.

मामांची एक पद्धत होती. सरावाला पोर आली की तिचा जोराचा पाय बघायचा आणि त्या पायातला बूट काढून घ्यायचा. उजवी पोरगी असेल तर तिने फक्त डाव्या पायात बूट घालून खेळायचं. अनवाणी पायाने चेंडू मारला की अंगठा ठणकतो, मग पोर आपोआप दुसरा पाय वापरायला शिकते. असं दोन-दोन वर्षं. पोरीचा निकाल पोरगी अठराची झाली की लागतो, असं म्हणायचे. बूट घालताना नाडी घोट्याभोवती दोन वेढे घेऊन गाठ बाहेरच्या बाजूला मारायची, म्हणजे आतल्या बाजूने चेंडू मारताना ती टोचत नाही. वृषालीला ती गाठ कधी जमली नाही. ती पुढेच फुलपाखरू बांधायची. मामा दरवेळी चकचक करत खाली वाकायचे, सोडायचे, बाहेर बांधून द्यायचे. ती नऊ वर्षांची होती तेव्हाही, आणि सव्वीसची होऊन त्यांच्या हाताखाली शिकवायला लागली तेव्हाही.

ते गेल्यावर तीच पद्धत तिने पुन्हा चालू केली. एक बूट सरावाला. सामन्यात दोन्ही बूट, पण पोरींना सवय अशी लागली की विचारू नका. आत्ता तिच्या डोळ्यांसमोर अलफिया पुढे चाललीय. आपली टीम एका गोलने मागे. गोलकीपर पडलीय, गोल उघडा. चेंडू उजव्या पायाशी, नुसता ढकलायचा. ओट्यापलीकडून कुणाचा तरी बाप ओरडतो, मार की. अलफिया थांबते. चेंडू आतून ओढून डाव्या पायावर घेते. तेवढ्यात एक बचाववाली पोहोचते, चेंडू खांबाला लागून बाहेर जातो.

"डाव्यावर घेतला बघ," मामा हरखून म्हणतात. "उघडा गोल सोडून. बघितलंस?"

"बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. म्हणून तर ती यादीत पहिली आहे."

"कसली यादी?"

"तुम्ही मला विचारता?"

ओटा आता कपाट झालाय. तालमीच्या ऑफिसातलं काचेचं कपाट, आत कप, कपावर रिबीन. वास मात्र डेटॉलचा येतोय. कारण हे ऑफिस नाही, सरकारी दवाखान्याचा व्हरांडा आहे आणि कपाटाशेजारी लाकडी बाक आहे. बाकावर नऊ पोरी ओळीने बसल्यात. ह्या यादीतल्या नव्हेत. तेव्हाच्या, दोन वर्षांपूर्वीच्या. अकादमीचा नियम आहे, काढलेल्या पोरीने बूट धुऊन परत आणून द्यायचे. नऊजणी मांडीवर धुतलेले बूट घेऊन बसल्यात, नाड्या नीट बांधलेल्या, प्रत्येक गाठ बाहेरच्या बाजूला. पाय लोंबतायत, अनवाणी. कुणीच रडत नाही. हाच तर संताप आहे, त्या दिवशीही कुणी रडलं नव्हतं. थँक्यू मामा म्हणून गेल्या होत्या.

ओळीच्या शेवटी मामा बसलेत, हातात केसपेपर.

"त्या वर्षी एका बुटाचा सराव बंद केलात," वृषाली म्हणते. तिचा आवाज तिलाच परका वाटतो. "या नऊजणींना काढलंत. एक उंच पोरगी पुढे उभी केलीत आणि बाकीच्यांना सांगितलंत, चेंडू उंच मारा, तिच्या डोक्यावर. तीस वर्षं आम्हाला जे करू नका म्हणून कान पिळलेत, ते सगळं स्वतः केलंत. आणि कप जिंकलात. आणि एकोणीस दिवसांनी मेलात. मी विचारायच्या आत."

"आता विचार की."

"का केलंत?"

मामा केसपेपरची घडी घालतात, उघडतात. "डाक्टरनं सांगितलं हुतं. दिवाळी न्हाई बघणार म्हनाला. तीस वर्षं पोरं घडवली बघ. लोकं चौकात विचारायची, मामा, कप किती? मी हसायचो. हसून हसून तोंड दुखायचं." ते थांबतात. "एकदा हातात घ्यायचा हुता. रिकामा मरायचं नव्हतं मला."

"आणि ह्या रिकाम्या गेल्या त्याचं काय?"

मामा केसपेपरची घडी पुन्हा घालतात. वृषालीला वाटतं आता रडू येईल, पण रडू येत नाही. राग येतो, पोटातून, बाळंतपणातल्या कळेसारखा.

"यादी माझ्याकडून लिहून का घेतलीत? नावं तुम्ही सांगितलीत, अक्षर माझं आहे. आजही ऑफिसात फाईलला लागलेलं आहे."

"हात कापत हुता."

"हात कापत होता की लाज वाटत होती?"

"दोन्ही," मामा म्हणतात.

आणि मग वृषालीच्या तोंडून ते निघतं, जे नऊ वर्षांची असल्यापासून कधी निघालं नव्हतं. "तू मला तुझ्या पापात घेतलंस. मला मान वर करायला जागा ठेवली नाहीस. आज तो माणूस माझ्या दारात उभा राहून तुझंच नाव घेतो, आणि मी गप्प बसते, कारण बोलायचं म्हटलं तर आधी माझंच अक्षर बाहेर येतं."

तू म्हटल्याचं मामांना काहीच वाटत नाही. उलट त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल होतं, जणू एवढ्याचीच वाट बघत होते.

"मग येऊ दे की बाहेर," ते म्हणतात. "सांग. कप कसा आला ते सांग समद्यांना."

"तुमचं नाव जाईल. चौकात तुमचा फोटो आहे. हार घालतात."

"नावाचं काय करू आता? हितं हाक मारणारं कोन हाय?"

बाक हलतोय, बोटीसारखा. पोरी बाकावरून एकेक उतरतात आणि बूट कपात टाकून निघून जातात. कप भरतो, तरी वाजत नाही. वृषालीच्या पायात तिचा जुना बूट आहे, डाव्या पायात, नाडी सुटलेली. मामा सवयीने खाली वाकतात.

"माझ्या पायाला हात लावायचा नाही," ती म्हणते.

ते वाकलेलेच राहतात क्षणभर. मग गुडघ्यावर हात टेकून उठतात. बाकाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे आता कुणीच नसायला हवं, तिथे चिमी बसलीय, भिंतीला टेकवून ठेवलेली, लाळेने छाती भिजलेली. मामा तिच्यासमोर उकिडवे बसतात. हातात अजून तो लोकरीचा बूट आहे.

"तुमी डाव्या का उजव्या, बाईसाहेब?" ते तिला विचारतात.

चिमी लाथ मारते. मामा हसतात, तोंड न दुखता.

फोन वाजतोय.

वृषाली डोळे उघडते. चार वाजून दहा मिनिटं. पंखा टकटकतोय, तोंडाला कोरड पडलीय, मान अवघडलीय. फोनवर धैर्यशीलदादा आहेत. झाली का सही, पोराला पाठवू का कागद न्यायला, असं विचारतायत.

"सही नाही करणार," ती म्हणते. चिमी जागी होऊ नये म्हणून आवाज खालीच ठेवते. "मीच येते. कमिटी जमवून ठेवा."

ते समजुतीच्या सुरात मामांचं नाव परत काढतात. ती त्यांना वाक्य पुरं करू देत नाही.

"मामांनी चूक केली होती, दादा. ती यादी मी माझ्या हाताने लिहिली. कुणाकुणाला काढलं आणि त्यातल्या किती पोरींनी परत चेंडूला पाय लावला नाही, ते मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. माझ्या अक्षरासकट फाईल टेबलावर काढून ठेवा. त्यानंतर मला ठेवायचं की काढायचं ते ठरवा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. मग ते, बरं, एवढंच म्हणतात.

राग गेलेला नाही. मामांवरचा तर अजिबात नाही. वृषाली कागदाची चार वेळा घडी करते, चिमीला उचलायला दुपट्याखाली हात घालते आणि तिथेच थांबते.

चिमीच्या डाव्या पायात लोकरीचा बूट आहे. नाडी घोट्याभोवती दोनदा फिरवलेली. गाठ बाहेरच्या बाजूला.

ती खिडकीकडे बघते. कट्ट्यावर एकच बूट आहे, उजवा. घरात दुसरं कुणी नाही, दाराला आतून कडी आहे. तिच्या स्वतःच्या हाताला ही गाठ वीस वर्षांत कधी जमली नाही, झोपेत जमेल?

गाठ सोडायला ती बोट लावते. मग बोट काढून घेते. चिमी जागी होऊन तिच्याकडे बघते आणि बूट असलेला पाय हवेत झाडते, एकदा, दोनदा, जोरात.

"बाईसाहेब उजव्या आहेत तर. आतापासून डावा शिकतायत," वृषाली म्हणते. मग तिला कडेवर घेते आणि तशीच निघते. उजवा बूट खिडकीतच राहतो.