टिप्परमधली डबी आणि नायक तायडे

माझ्या नोकरीचे शेवटचे महिने चालू होते तेव्हा आमच्या तुकडीला पूरमदतीचा हुकूम आला. ठिकाण, दर्यापूर तालुका. म्हणजे माझंच गाव-शिवार. जवानाला घरी जायला रजा मागावी लागते. मला बोटीसकट पाठवलं.

बोटीचे कमांडर नायक संतोष तायडे, अकोला जिल्ह्यातल्या पातूरचे. बोलणं कमी, पण टोमणा कधी चुकवला नाही. ट्रकमधून उतरताच मला म्हणाले, "काय बे दर्यापूर, तुह्या गावात रस्ते असेच हायेत काय, बुडलेले?"

"पाणी उतरलं की याहून खराब दिसतीन, भाऊ."

पूर्णेचं पाणी वावरांत पसरलं होतं. वरून सपाट आणि गढूळ. खाली विहिरी, तारेची कुंपणं, नाल्याची ओढ. पहिल्या फेरीत तायडेभाऊंनी बांबूने तळ चाचपत सुरक्षित वाट शोधली. मी ती हातातल्या जीपीएसवर नोंदवली. पुढच्या सगळ्या फेऱ्या त्याच रेघेवरून. रेघ सोडायची नाही, हा हुकूम.

बेस होता रस्त्याच्या उंच भरावावर. तिथे सुभेदार साहेब रेडिओ सेट घेऊन बसले होते. बाजूला टिप्परची रांग. आणलेल्या लोकांना शाळेत पोचवायला रेतीवाल्यांनी टिप्पर आपणहून आणले होते, भाडं कोणी मागितलं नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे मी त्यांच्यावर चिडणार आहे.

दुपारनंतर पाऊस असा लागला की काठ दिसेना. बोटीत एका घराच्या स्लॅबवरून उतरवलेलं कुटुंब होतं: म्हातारी, तिचा मुलगा, सून, दोन नातवंडं. रेघ होती, त्यामुळे घाबरण्याचं कारण नव्हतं. पण काठ जवळ येऊ लागला तसे स्क्रीनवरचे उपग्रह एकेक करून गेले. मग एकही उरला नाही.

"रेघ गेली काय?" तायडेभाऊंनी मोटर हळू केली.

"गेली."

"होकायंत्र पाह्य."

होकायंत्र दिशा दाखवत होतं. पण पाणी बोटीला आडवं ढकलत होतं, आणि किती ढकललं ते होकायंत्र सांगत नाही.

"बेस, बोट एक. जीपीएस गया. ओवर."

"बोट एक, बेस. हमारा भी बंद है. मौसम खराब है. ओवर."

मौसम! इथे थांबून सांगतो, कारण शिकलेली माणसंही हेच म्हणतात. पावसाने जीपीएस जात नाही. उपग्रह वीस हजार किलोमीटर उंचावर. तिथला सिग्नल खाली पोचेपर्यंत इतका क्षीण होतो की यंत्राच्या स्वतःच्या खरखरीखाली तो दबलेला असतो. तरी तो सापडतो, कारण प्रत्येक उपग्रहाचा स्वतःचा कोड असतो: शून्य आणि एक यांची ठरलेली लांब माळ. दर्यापूरच्या स्टँडवर सगळे जीपवाले एकदम ओरडतात, तरी मूर्तिजापूरला जाणाऱ्याच्या कानाला 'मूर्तिजापूर' बरोबर लागतं. तसंच हे. यंत्राकडे प्रत्येक माळेची नक्कल असते. ती पुढेमागे सरकवत ते जुळवून पाहतं. जुळली की उपग्रह सापडला; किती सरकवावी लागली त्यावरून सिग्नलला लागलेला वेळ, वेळेवरून अंतर. चार उपग्रहांची अंतरं मिळाली की आपली जागा पक्की. लष्कराचे कोड गुप्त असतात, आमच्या बोटीतला साधा, सगळ्यांना खुला. पण कोड कुठलाही असो, त्या स्टँडवर कोणी तुमच्या कानाशी भोंगा लावला तर काय ऐकाल? त्या भोंग्याला जॅमर म्हणतात. बोटभर डबी असते. परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे, आणि तरी ती मिळते.

पावसाने सगळे उपग्रह असे जात नाहीत. फक्त काठाजवळ आल्यावर तर मुळीच नाही.

"बेस, बोट एक. मौसम नहीं, जॅमर है. गाडियां चेक करो. ओवर."

सुभेदार साहेबांनी सगळ्या टिप्परची इंजिनं बंद करायला लावली. स्क्रीन तशीच. इंजिन बंद झालं तरी डबी बॅटरीवर चालतेच.

तेवढ्यात बोटीला हिसका बसला आणि मोटर थांबली. पंख्यात कुंपणाची तार.

"काहून थांबली रे बापू?" म्हातारीने विचारलं.

तायडेभाऊ म्हणाले, "आजी, तुमचं टिकीट काढाचं राहिलं. बसून राहा, हालू नका."

लाइफ जॅकेट घालून बुडी मारता येत नाही. तायडेभाऊंनी ते काढून म्हातारीच्या मांडीवर ठेवलं, कमरेला दोर बांधला, त्याचं दुसरं टोक बोटीला अडकवलं, कटर आणि सुरी घेऊन उतरले. दोनदा श्वास घ्यायला वर आले. तार तुटली. बोट सुटली तशी प्रवाहात फिरली, आणि दोर कुंपणाच्या लोखंडी खांबात अडकला. बोट एका कडेवर कलली. पाणी आत येऊ लागलं.

"सगळे या बाजूले!" मी ओरडलो. सगळे सरकले. तरी पुरलं नाही.

तायडेभाऊंनी बोटीकडे पाहिलं, लेकरांकडे पाहिलं आणि दोरावर सुरी चालवली.

"मोटर चालू कर बे!"

मी चालू केली. मग ट्यूब फेकली. ती त्यांच्यापर्यंत पोचली नाही.

थोड्या वेळाने स्क्रीनवर उपग्रह परत आले. काठ समोरच होता. रेघेपासून आम्ही एक वावर बाजूला सरकलो होतो, बस.

भरावावर एक ड्रायव्हर डबी हातात धरून उभा होता. सॉकेटमधून त्यानेच उपटली होती. "मालकानं लावून देल्ली, भाऊ. कायमची लागूनच राह्यते. मले वाटलं, हे फक्त आपल्याच गाडीचं बंद करते." मी त्याच्या गळपट्टीला धरलं. सुभेदार साहेबांनी सोडवलं. "पहले आदमी ढूंढो."

रेतीच्या गाडीला जीपीएस लावावा लागतो. चोरीची रेती न्यायची तर तो आंधळा करावा लागतो. त्या दिवशी टिप्परमध्ये रेती नव्हती, पूरग्रस्त होते. डबी मात्र चालू होती, कारण ती बंद करायची असते हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. आज मी दर्यापूर-मूर्तिजापूर रस्त्यावर धाब्याधाब्यावर या डबीविरुद्ध पत्रकं वाटतो. मालक म्हणतात, "चालते ना भाऊ, कोणाचं काय जाते?" काय जातं ते मी पाहिलं आहे.

तायडेभाऊ दुसऱ्या दिवशी नाल्याच्या खाली, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरात सापडले. पातूरला त्यांच्या घरी बुद्धवंदना झाली तेव्हा आम्ही सगळे गणवेशात उभे होतो. त्यांच्या वडिलांनी मला बाजूला बोलावलं आणि वर्तमानपत्र दाखवलं. बातमीत लिहिलं होतं की प्रवाहाचा अंदाज न आल्याने जवान वाहून गेला.

"माह्या पोराले अंदाज नव्हता काय?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "होता, बाबा. पुरा होता. म्हणूनच दोर कापला."