गिटारला हाडाची पट्टी

त्या शनिवारी बँकेतून दुपारी सुटले आणि थेट पनवेलच्या बाजारातल्या बाजाची पेटी दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे, दुरुस्तीला दिलेली गिटार आणायला गेले. नव्वदच्या आसपासची गोष्ट.

कॉलेजात असताना घेतलेली माझी स्वस्तातली गिटार लग्नानंतर तीन वर्षं माळ्यावर पडून होती. इथल्या दमट हवेने तारा पिळायच्या चाव्या गंजलेल्या, मागचा जोड उघडलेला... चाचांनी चाव्या बदलल्या होत्या, जोड चिकटवला होता, नव्या तारा चढवल्या होत्या.

तारा ज्यावर टेकतात ती प्लास्टिकची पट्टीही त्यांनी परस्पर काढून टाकली होती. "बेकार माल, ताई. म्हशीच्या हाडाची बसवलीय. आता आवाज ऐका!"

आवाज खरंच खणखणीत झाला होता. मी खूश झाले... आणि लगेच सासूबाई आठवल्या.

आमच्या दोन खोल्या. माळ्यावर पुन्हा गंजायला नको, म्हणजे गिटार ठेवायला जागा एकच, देवघराशेजारची. आणि तिथे सासूबाई चामड्याची पर्ससुद्धा नेऊ देत नसत! हाड म्हटल्यावर गिटार घराबाहेर जाणार, यात मला शंका नव्हती.

घरी पोचले. सासूबाईंनी चष्मा लावून त्या पट्टीवरून बोट फिरवलं. "गुळगुळीत आहे गं छान. हस्तिदंत का?"

त्यांच्या पाठीमागून नवरा मला 'हो म्हण, हो म्हण' अशा खुणा करत होता. मला खोटं बोलायला जमत नाही, आणि दुसऱ्याने बोलायला लावलेलं तर मुळीच खपत नाही.

"नाही आई. म्हशीचं हाड आहे."

नवऱ्याने कपाळाला हात लावला. आता ही कुणाकडे ठेवायची, याचा मी विचार करू लागले...

"मग तोंड एवढंसं करायला काय झालं?" सासूबाई म्हणाल्या. "माहेरी माझ्या तंबोऱ्याची तारांखालची घोडी हाडाचीच होती. देवापुढे बसून गायचे मी. वाद्याला कसला आलाय विटाळ!"

मग त्यांनी एक तार छेडली, कान जवळ नेला. "ही उतरलीये बघ. चढव जरा."

माझा जीव भांड्यात पडला. गिटार देवघराशेजारीच राहिली.

'हस्तिदंत' म्हणाले असते तरी ती राहिलीच असती म्हणा... पण तीन वर्षं जिच्याशी फक्त स्वयंपाकाचं आणि पाण्याचं बोलत होते ती बाई गायची, हे मला कधीच कळलं नसतं.