दारावरची कोपराची जागा

बाळांनो, तुमचे आबा गेल्यापासून उभा असलेला त्यांचा जुना ट्रक काका अंगणात रंगवतो आहे. त्याने पत्र्याच्या तुकड्यावर निळ्याच्या तीन छटा मारून दाखवल्या. मी त्या दाराच्या आतल्या कडेशी धरून पाहिल्या, कारण ऊन न लागल्यामुळे मूळचा रंग तिथेच टिकला होता. जुळणारी छटा आम्ही निवडली.

मग काकाने दार घासायला घेतले. चालकाच्या खिडकीखाली वीतभर जागेतला रंग आधीच उडालेला होता. आबा तिथे कोपर टेकवून गाडी चालवत. इतक्या वर्षांत तिथला पत्रा गुळगुळीत झाला होता.

"एवढी जागा सोड रे," मी म्हणाले.

"आई, तिथूनच गंज धरेल. दार हातचं जाईल." मग मला हसवायला म्हणाला, "बाबांनी एवढं फुकट घासून दिलंय, माझी तेवढी मेहनत वाचली."

पण तोही हसला नाही. पॉलिश पेपर हातात धरून नुसता उभा राहिला.

गंजाचे त्याचे म्हणणे बरोबरच होते. गेलेल्या माणसाच्या वस्तू आपण जपतो आणि जपता जपता त्यांच्यावरचा त्याचा हात पुसून टाकतो. आबांचे सदरे मीच धुऊन, इस्त्री करून ठेवले आहेत. आता त्यांना नुसता साबणाचा वास येतो.

मी त्या जागेवर तळहात ठेवला. उन्हाने पत्रा अंगासारखा उबदार झाला होता.

"मार रंग," मी म्हणाले.

दार आता एकसारखे निळे झाले आहे. तिथे कुणी कधी कोपर टेकवून बसत होते, हे कुणाला सांगूनही खरे वाटणार नाही.